सव्वीस दिवसांची गाडी

गाडी घेऊन सव्वीस दिवस झाले होते. मागच्या सीटवरचं प्लॅस्टिक बायकोने अजून काढू दिलं नव्हतं. सकाळी सात वाजता मित्राचा फोन आला.

"पेपर पाह्यला का?"

"नाई. कावून?"

"पाहाय मंग," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

भिलाईच्या आमच्या कोहक्यात पेपरवाला आठनंतर येतो. मी चपला घालून कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर गेलो. तिथे हिंदी पेपर पडलेला असतो. पहिलं पान पूर्ण जाहिरातीचं होतं. आमचीच गाडी, आमचाच निळा रंग, आणि खाली नवा भाव. आम्ही दिला त्यापेक्षा पावणेदोन लाखांनी कमी. मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. टपरीवाला म्हणाला, "भैया, आपकी वाली है ना? सस्ती हो गई." तो आनंदानेच म्हणाला, कारण त्याला वाटलं ही माझ्यासाठी चांगली बातमी आहे.

घरी आलो तर बायको पोहे भिजवत होती. तिला सांगितलं. ती नुसती चाळणी हलवत राहिली. मग म्हणाली, "त्याईले फोन केला का तुमी?"

त्याईले म्हणजे मित्राला, हीच गाडी त्यानेही घेतली होती. तिच्या मनात आधी आपलं नुकसान आलंच नाही, त्याचं आलं. माझ्याही मनात तेच होतं.

आम्ही दोघं स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये तीस वर्षं बरोबर होतो. मी रूळ तपासायचो, तो वर क्रेनवर असायचा. दोघांचीही घरं मूळची भंडाऱ्याकडची, धानाची शेती थोडी थोडी. मी लांबलचक रुळावर वाकून तडा शोधणारा माणूस, आणि घरीही तसाच. पंखा घ्यायचा तरी चार दुकानं फिरून, कागद वाचून घेणार. तो उलट. त्याने एकही वस्तू स्वतः बघून घेतली नाही. टीव्ही, कुकर, पोरीचं कॉलेज, सगळ्याला त्याचं एकच वाक्य असायचं, "तू पाह्यलं ना? मंग झालं." हे ऐकून मला फार बरं वाटायचं, हे आता कबूल करतो.

इलेक्ट्रिक गाडीचं माझं कारण वेगळं होतं. बायकोचं एक मोठं आजारपण झालं होतं. वर्षभर रायपूरला उपचार चालले. ती बरी झाली, पण तेव्हापासून तिला पेट्रोल-डिझेलचा वास सहन होईना. टॅक्सीत बसली की अर्ध्या वाटेवरच्या कुम्हारीच्या पुढे जाईपर्यंत दोनदा उलटी. दर तीन महिन्यांनी तपासणीला जायचं, आणि तपासणीपेक्षा तिला रस्त्याचीच जास्त धास्ती. मुलगी पुण्याहून म्हणाली, "बाबा, इलेक्ट्रिक घेऊन टाका ना, उसमें कोई स्मेल ही नहीं होती." मग मी चार महिने अभ्यास केला. एका चार्जमध्ये किती जाते, बॅटरी किती वर्षं टिकते, उन्हाळ्यात काय होतं. भिलाईचा उन्हाळा म्हणजे भिलाईचाच.

मित्र तेव्हा जुनी पेट्रोल गाडी घेणार होता. त्याने बयाणा द्यायची तयारीही केली होती. मी त्याला थांबवलं. रुआबांध्याच्या त्याच्या क्वार्टरच्या पायरीवर बसून तासभर समजावलं. तो शेवटी हसून म्हणाला, "अबे, मले काय समजते त्यातलं? तू घेऊन राह्यला तेच मी बी घेतो."

शोरूममध्ये आम्हाला गाडी दाखवणारी मुलगी कोहक्याचीच निघाली. मी तिला स्पष्ट विचारलं होतं, "दो-तीन महीने रुके तो दाम कम होगा क्या?" ती म्हणाली, "नहीं सर, बढ़ेगा ही. सब्सिडी हटने वाली है." मी मित्राकडे वळून म्हटलं, "आताच घेऊन टाकू." दोन्ही गाड्या एकाच दिवशी निघाल्या. दोन गाड्यांवर मिळून सीट कव्हर फुकट मिळाली, ती मीच भांडून मिळवली होती. तिथून दोघं मैत्रीबागेपर्यंत एकामागे एक गेलो, तो मागून हॉर्न वाजवत होता. एकसष्ट वर्षांचा माणूस.

त्या सकाळी मी त्याला फोन केला तर त्याने उचलला नाही. दहा वाजता तोच माझ्या फाटकासमोर येऊन उभा राहिला. गाडीतून उतरला नाही, काच खाली करून म्हणाला, "चाल शोरूमले."

शोरूममध्ये आमच्यासारखे पंधरा-वीस लोक आधीच जमले होते. कोणाची गाडी महिन्याची, कोणाची दहा दिवसांची. एक शाळामास्तरीण होत्या, त्यांची गाडी आदल्या दिवशी घरी आली होती. त्या ओरडत नव्हत्या. हातात पावती घेऊन खुर्चीवर बसल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला तीच पावती दाखवत होत्या. मॅनेजर सगळ्यांना पाणी देत होता आणि एकच सांगत होता की भाव कंपनी ठरवते, त्याच्या हातात काही नाही. मित्र त्याच्या टेबलावर हात ठेवून म्हणाला, "तुमको मालूम था कि नहीं था, इतना बोलो." मॅनेजर म्हणाला, "नहीं था सर." ती मुलगी मागे उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिने मान खाली घातली.

"हमको भी सुबह मैसेज आया सर," ती हळूच म्हणाली.

मला तिच्यावर राग आणता आला नाही, हेच मला त्या दिवशी सगळ्यात जड गेलं. चोर सापडला असता तर त्याच्यावर ओरडून मोकळा झालो असतो. इथे कोणी खिशात हात घातलेला नव्हता. आम्ही भाव विचारला, त्यांनी सांगितला, आम्ही दिला. तीस वर्षं आम्ही रूळ बनवले, त्यांचा भावही कुठेतरी दुसरीकडे ठरायचा आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं. पण हे मित्राला सांगायची माझ्यात हिंमत नव्हती.

परत येताना पॉवर हाऊसच्या पुलाखाली सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाला, "मी तं जुनी घेऊन राह्यलो होतो."

मग मोबाइलवर ग्रुप निघाला. पहिले काही दिवस त्यात रोज शंभर-दीडशे मेसेज. कंपनीला पत्र लिहायचं होतं, ते मीच लिहिलं, कारण मला कागदाची सवय. उत्तर आलं ते सभ्य इंग्रजीत, आपण आमच्या परिवाराचे सदस्य आहात वगैरे. दुसरं पत्र पाठवलं. तेच उत्तर पुन्हा आलं, फक्त तारीख वेगळी. एका रविवारी ग्रुपने ठरवलं की सगळ्यांनी गाड्या घेऊन शोरूमसमोर रांगेत उभं राहायचं. पंचवीस जण हो म्हणाले, नऊ गाड्या आल्या. मित्र सगळ्यात पुढे. त्याने काचेवर पुठ्ठा चिकटवला होता, "हमसे ज़्यादा क्यों लिया?" ऑक्टोबरचं ऊन होतं. एसी लावून बसलो तर बॅटरी उतरते, म्हणून सगळे दारं उघडी टाकून घाम पुसत बसलो. दुपारपर्यंत एक फोटोवाला येऊन गेला. एक पोलीस आला, मोटारसायकल लावून त्याने आमच्या गाडीची आतून पाहणी केली आणि विचारलं, "अंकल, एवरेज क्या देती है?" मित्र त्यावरही भडकला. मला हसू आलं, ते मी गिळलं.

दीड महिन्याने कंपनीने एक तडजोड पाठवली. जुन्या भावाने घेणाऱ्यांना बॅटरीची हमी दोन वर्षं जास्त आणि तीन सर्व्हिस मोफत. त्यासाठी एका कागदावर सही करायची होती की माझी आता काही तक्रार नाही. ग्रुपमध्ये एकजात सगळ्यांनी लिहिलं, कोणी सही करायची नाही. मित्राने लिहिलं, "जो साइन करेगा वो गद्दार." त्याखाली मीही सहमतीचा अंगठा टाकला.

त्याच आठवड्यात बायकोची तपासणी होती. रायपूरला जाताना ती मागच्या सीटवर झोपली, प्लॅस्टिकवर गाल टेकून. कुम्हारी गेलं, टाटीबंध आलं, ती झोपलेलीच. दवाखान्याच्या दारात मी तिला उठवलं तेव्हा ती दचकून म्हणाली, "आलो बी?" वर्षभरात पहिल्यांदा ती रिपोर्ट घ्यायला गेली तेव्हा तिच्या हातात उलटीची पिशवी नव्हती.

परतीच्या वाटेवर मी शोरूमला थांबलो. बायको म्हणाली, "कावून थांबले?" मी म्हणालो, दोन मिनिटं. आत गेलो आणि सही केली. मला फार थकवा आला होता. रोज उठून तेच मेसेज वाचायचे, तेच पत्र लिहायचं, आणि बाहेर अंगणात जी गाडी उभी आहे तिच्याकडे तोंड वाकडं करून बघायचं, हे मला झेपेना. बॅटरीची दोन वर्षं मला खरंच हवी होती. ही सगळी कारणं खरी आहेत. पण मी सही करण्याआधी मित्राला सांगायला हवं होतं, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या दिवशी सांगायला म्हणून रुआबांध्याला गेलोही. तो घरी नव्हता, भाजी आणायला गेला होता. वहिनींनी चहा दिला. त्यांनी विचारलं, "बरे दिसत नाई भाऊजी?" मी म्हटलं, रात्री झोप नाही झाली. चहा पिऊन तो यायच्या आत निघून आलो.

त्याला ग्रुपमधल्या कोणाकडून कळलं. पुढच्या दिवशी संध्याकाळी तो माझ्या अंगणात आला. गाडी नव्हती, स्कूटर होती.

"सही केली तू?"

"हो."

"कधी?"

"गुरुवारी."

"काल माह्या घरी चहा पिऊन गेला. तवा तोंडात काय होतं?"

मी बॅटरीच्या हमीचं बोलायला लागलो. त्याने हात वर केला. "पैशाचं नाही बे हे. पैसे गेले तं गेले. तीस वर्षं मी तुले विचारल्याबिगर रुमाल नाही घेतला. आणि तू मले एक शब्द न विचारता कागद देऊन आला."

बायको दारात आली होती. ती म्हणाली, "या ना आत, बसा." तो म्हणाला, "नाई वहिनी," आणि स्कूटरला किक मारायला लागला. स्कूटर चौथ्या किकला सुरू झाली. तोपर्यंत आम्ही तिघंही तिथेच उभे होतो.

त्यानंतर चार महिने आमचं बोलणं नव्हतं. प्लांटमधल्या एकाच्या मुलाच्या लग्नात दोघं समोरासमोर आलो. त्याने माझ्या बायकोची विचारपूस केली, मी त्याच्या गुडघ्याची केली, आणि दोघं वेगवेगळ्या रांगेत जेवायला बसलो. ग्रुप तोपर्यंत थंड झाला होता. बहुतेकांनी सह्या केल्या होत्या. मित्र, त्या शाळामास्तरीण आणि आणखी दोघे, एवढेच राहिले होते. त्यांनी दुर्गला ग्राहक मंचात तक्रार केली होती.

त्या दिवसांत एकदा सेक्टर सहाच्या बाजारात ती शोरूमवाली मुलगी भेटली. मी ओळख दिली नसती, तीच थांबली. नोकरी सोडली होती तिने. म्हणाली, रोज कोणीतरी येऊन विचारायचं, तुम्हीच सांगितलं होतं ना. "सर, मैंने झूठ नहीं बोला था. हमको जो बताया था वही बोले थे." मी म्हटलं, मला माहीत आहे. तिच्या पिशवीत मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या शेंगा होत्या, त्या बाहेर डोकावत होत्या. "वो दूसरे वाले अंकल अभी भी गुस्सा हैं?" तिने विचारलं. मी म्हटलं, हो. पण कोणावर, ते नाही सांगितलं.

मग मार्चमध्ये एका सकाळी फाटकापाशी निळी गाडी येऊन थांबली. मित्र उतरला. फाटकाच्या आत न येता म्हणाला, "आमच्या लाइनची केबल जळली आहे. काल दुपारपासून लाइट नाई. गाडीत आठ टक्के आहे. उद्या दुर्गले तारीख आहे." एवढं एका दमात बोलून त्याने खिशातून रुमाल काढला आणि मान पुसली.

"आन आत," मी म्हटलं.

माझी गाडी बाहेर काढली, त्याची आत लावली, वायर जोडली. घरच्या प्लगवर ही गाडी मुंगीसारखी चार्ज होते. सहा तास तरी लागणार होते. तो म्हणाला, "मी ऑटोने जातो, चारले येतो." बायको बाहेर आली. "कुठी जाता उन्हाचे? गोळाभात टाकला आहे." तिच्यापुढे त्याचं कधीच चाललं नाही.

मग तो बसला. ओसरीवर पंख्याखाली आम्ही दोघं, मध्ये पाण्याचा तांब्या. पहिला तास तर आम्ही वायरकडेच बघत होतो. त्याने गुडघा चोळला. मी विचारलं, तेल लावतो का? म्हणाला, लावतो. मग तो एकदम म्हणाला, "पुतण्याने भंडाऱ्यात हेच मॉडेल घेतलं. नव्या भावात. मले फोन करून विचारे, काका कशी आहे?"

"मग?"

"सांगतलं, गाडी एक नंबर आहे, घे. फक्त मले भाव नको सांगू."

मला हसू आलं. या वेळी मी ते गिळलं नाही. तोही थोडा हसला, पण लगेच थांबला, जणू चुकून झालं.

जेवताना बायको म्हणाली, वहिनींना भात डब्यात देते, घेऊन जा. तो म्हणाला, "द्या, फ्रिजमध्ये राहते. नवीन फ्रिज घेतला." मी मान वर करून पाहिलं. त्याने भातात कढत तेल घेतलं आणि खाली बघून जेवत राहिला. कोणता घेतला, कुठून घेतला, मी विचारलं नाही.

जेवणानंतर त्याला तिथेच डुलकी लागली. चार वाजता मी वायर काढली तेव्हा चोपन्न टक्के झाले होते. तो उठून गाडीत बसला. काच खाली होती. मी म्हटलं, "उद्या किती वाजता आहे?"

"अकराले."

"मी येऊ?"

"तू तं सही केली आहे."

"बाहेर बसतो."

"बस मंग," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो साडेनऊला मला घ्यायला आला. मंचाच्या इमारतीत बाहेर लाकडी बाक होता, त्यावर मी तीन तास बसलो. शाळामास्तरीणही आल्या होत्या, त्याच पावतीच्या आता पाच-सहा झेरॉक्स झाल्या होत्या. एक वाजता ते चौघे बाहेर आले. तक्रार फेटाळली होती. ज्या दिवशी घेतली त्या दिवशी तोच भाव होता आणि तो तुम्हाला सांगून घेतला होता, नंतर कमी केला हा काही दोष होत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. शाळामास्तरीण म्हणाल्या, "चलो, कम से कम किसी ने पूरा सुना तो." त्या मग रिक्षा शोधायला निघाल्या. मित्राने त्यांना थांबवलं, म्हणाला सोडून देतो. त्यांचं घर पद्मनाभपूरला होतं, ते आमच्या वाटेवरही नव्हतं.

त्यांना सोडून आम्ही जी. ई. रोडला लागलो. ऊन रखरखत होतं, रस्त्यावर ट्रक होते. मला वाटलं तो आता अपिलाचं काढेल, किंवा माझ्या सहीचं. नेहरूनगर चौकात सिग्नल लाल झाला. त्याने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. सिग्नल हिरवा झाला तरी ते तिथेच होते, मागून हॉर्न वाजायला लागले.

"थकलो यार मी," तो म्हणाला.

"मीबी," मी म्हटलं.

मग त्याने गाडी काढली. कोहक्याला मला उतरवताना म्हणाला की माझ्या बायकोचा भाताचा डबा त्याच्या घरीच राहिला आहे, धुऊन ठेवला आहे, मी कधी रुआबांध्याकडे आलो तर घेऊन जावा. मी म्हटलं, येतो. त्यानंतर मी गेलो तो पंधरा दिवसांनी. तो डबा घेतला, चहा घेतला, आणि या वेळी तो घरी होता.